कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, मग अटॅक कसा आला?

काचपट्टी

तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढणं आणि मशीनवर तपासण्या लावणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण काउंटरवर रोज एक प्रकार बघते, त्यावर एकदा सविस्तर लिहायचं होतं.

हळदीच्या पेठेतले एक अडते सकाळी उपाशीपोटी आले. वय ४६. चिठ्ठी नव्हती, स्वतःहूनच आले होते, कारण शेजारच्या गाळेवाल्याची बायपास झाली होती. "लिपिड प्रोफाइल करा." म्हटलं, दादा, सुई टोचतेच आहे तर शुगरही करू का? "नको, बाकीचं काही नको, चरबीचंच बघा." संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले. एकूण कोलेस्टेरॉल १७८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) १४८, एचडीएल ("चांगलं" म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३९, एलडीएल ("वाईट" म्हणतात ते) १०९. ठळक अक्षरांत फक्त एचडीएल, तेही एका आकड्याने कमी. त्यांनी उजवीकडच्या रकान्यावरून बोट फिरवलं, "सगळं रेंजमध्येच आहे म्हणायचं," असं म्हणत रिपोर्टची घडी खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातून तंबाखूची पुडी काढली.

पुढे काही महिन्यांतच अटॅक आला. वाचले, स्टेंट बसला. अ‍ॅडमिट केल्यावर एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ निघालं, म्हणजे साखर बराच काळ वाढलेली असणार. बीपी कधीपासून जास्त होतं हे सांगणार कोण, कधी मोजलेलंच नव्हतं. वडील ५२ व्या वर्षी "झोपेत गेले" होते. घरचे मात्र अजून तो लिपिडचा कागद दाखवून विचारतात, नॉर्मल होतं ना, मग कसं काय?

म्हणून हा धागा. कोलेस्टेरॉलवर इतकं बोललं गेलंय की बाकीच्यांना जागाच उरली नाही.

मुळात होतं काय, ते मला समजलंय तसं सांगते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी पाइपातल्या गाळासारखी साठत जाते आणि एक दिवस पाइप तुंबतो, हे चित्र डोक्यातून काढून टाका. चरबीचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत तयार होतो, कातडीखाली गळू व्हावं तसा. वर पातळ आवरण, आत चरबी आणि सुजलेल्या पेशी. आवरण फुटलं की रक्त आतल्या मालाला लागतं आणि काही मिनिटांत गुठळी होते. तो अटॅक. पुष्कळदा फुटणारा थर फार मोठा नसतोच, नळी निम्मीही अडलेली नसते. म्हणूनच ट्रेडमिलची तपासणी "क्लिअर" आलेल्या माणसालाही महिन्याभरात अटॅक येऊ शकतो.

एलडीएलचे कण त्या भिंतीत शिरतात हे खरंच आहे. पण किती शिरतील, आत अडकून किती सूज आणतील, आवरण कधी फुटेल, गुठळी किती पटकन होईल, हे ठरवणारे दुसरेही असतात. बीपी भिंतीवर सतत दाब आणतं. तंबाखू आतलं अस्तर खराब करते आणि रक्त चिकट करते. साखर दोन्ही करते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, तिथून ही "रिस्क फॅक्टर"ची कल्पना रुळली. आपल्यासाठी महत्त्वाचा अभ्यास मात्र २००४ चा इंटरहार्ट. ५२ देश, पहिला अटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि जवळपास तेवढेच बिनअटॅकचे लोक. त्यातून नऊ गोष्टी निघाल्या: लिपिडचं बिघडलेलं प्रमाण, धूम्रपान, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण. जगभरातल्या पहिल्या अटॅकच्या धोक्यापैकी ९० टक्के धोका या नऊ गोष्टींत बसतो. २००७ मध्ये त्यातला दक्षिण आशियाचा भाग वेगळा छापून आला, त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं, इतरत्र जवळपास ५९. कारणं तीच, फक्त आपल्याला ती लवकर गाठतात.

जाणकारांनी भर घालावी.

चहाबाज

वा! म्हणजे कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उठवलेला बागुलबुवा आहे, हे मी इथे कधीपासून ओरडतोय ते खरंच. आमचे आजोबा पोळीवर वाटीभर तूप घेत, ९१ व्या वर्षी गेले. काय ते गोळ्या खाणं!

स्टेथोबा

चहाबाज, धागाकर्तीने जे लिहिलंच नाही ते वाचू नका. मी एमडी मेडिसिन आहे, ओपीडीत बसतो, आणि असे धागे वाचून गोळ्या बंद केलेले पेशंट नंतर मलाच भेटतात.

कोलेस्टेरॉल हे कारण आहे आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. काही घराण्यांत जन्मापासून एलडीएल प्रचंड असतं. दोन्हीकडून सदोष जनुक आलेल्या मुलांना विशीच्या आत अटॅक येतात, आणि त्यांना ना बीपी असतं, ना साखर, ना तंबाखू. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. उलट बाजूही आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे जन्मभर एलडीएल २८ टक्के कमी राहिलेले कृष्णवर्णीय लोक सापडले. त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी होता. बीपी आणि सिगारेटचं प्रमाण त्यांच्यात काही कमी नव्हतं, तरीही.

इंटरहार्टमध्येसुद्धा नऊ जणांत वरचे दोन मान लिपिडचं प्रमाण आणि धूम्रपान यांनाच आहेत. तिथे नेहमीचं एलडीएल मोजलं नव्हतं, अ‍ॅपो बी आणि अ‍ॅपो ए१ या (अनुक्रमे एलडीएल आणि एचडीएलच्या कणांवरच्या) प्रथिनांचं गुणोत्तर घेतलं होतं. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली असा नमुना फार दिसतो. अशा वेळी एलडीएलचे कण आकाराने लहान आणि संख्येने जास्त असतात. रिपोर्टवरचा एलडीएलचा आकडा कणांतल्या कोलेस्टेरॉलचा असतो, कणांच्या संख्येचा नसतो. म्हणून १०९ वाचून निर्धास्त होऊ नये.

तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. पण तूप खाऊन ५५ व्या वर्षी गेलेले आजोबा धाग्यावर सांगायला कुणाचे नातू येत नाहीत. शिवाय आजोबा शेतावर चालत जात असतील आणि तुम्ही कॅबने जात असाल.

काचपट्टी

स्टेथोबा, एक लॅबमधली गोष्ट जोडते. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजलेलंच नसतं, काढलेलं असतं. एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा, उरलं ते एलडीएल. १९७२ चं सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, थेट मोजावं लागतं. १७८ वजा ३९ वजा ३० करून बघा, त्या दादांचे १०९ येतात.

चहाबाज

बरं बरं. कॅब नाही, स्कूटर आहे.

भरीत_भाकरी

ताई, छान धागा. वाचनखूण साठवली. एक प्रश्न. आमच्याकडे जळगाव बाजूला बायका मिश्री लावतात. माझी आई रोज सकाळी आणि दुपारी जेवणानंतर लावते. ती म्हणते मी कुठे बिडी ओढते, दातालाच तर लावते. त्याने हृदयाला काही होतं का?

स्टेथोबा

होतं. इंटरहार्टमधलाच तंबाखूचा वेगळा भाग २००६ मध्ये छापला गेला. बिडीचा धोका सिगारेटइतकाच, जवळपास तिप्पट. चघळण्याच्या तंबाखूचा दुपटीच्या आसपास. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, ठोके आणि बीपी वाढवतं. ओढणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही धोका असतो, हे वेगळंच.

ओपीडीत "व्यसन आहे का" असं विचारलं की उत्तर नाही असंच येतं. तंबाखू हे व्यसन मानतच नाहीत. म्हणून मी विचारतो, "दिवसाला किती पुड्या?" मग बरोबर आकडा येतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, टपरीवर काय परिस्थिती आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

चांगली बातमी एवढीच की सोडल्याचा फायदा हृदयाला लवकर मिळतो. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात वाढीव धोका निम्म्यापर्यंत येतो. कॅन्सरच्या बाबतीत इतकं पटकन होत नाही.

डबलबेल

मी एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालो. आमच्या डेपोत एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, ड्रायव्हर लोकांना हार्टचा त्रास जास्त. आम्ही म्हणायचो रस्त्याचं टेन्शन. मुलाने मला लंडनच्या बसचा काहीतरी अभ्यास वाचून दाखवला होता. त्याबद्दल कुणाला माहीत असेल तर लिहा.

पुणेरी_खडू

डबलबेल काका, तो जेरी मॉरिसचा अभ्यास, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली आला. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करत तिकिटं फाडणार. वर्ग एक, पगार साधारण सारखा, गाडी तीच. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी निघाला, आणि झालाच तर उतारवयात.

खरी मजा पुढे आहे. मॉरिसच्या गटाने १९५६ मध्ये गणवेशाच्या मापांचा अभ्यास छापला. म्हणजे शिंप्याकडच्या नोंदी काढल्या! ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि तीही तरुण वयापासूनच. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं, आधीच सुटलेली माणसं स्टिअरिंगवर जात होती असाही अर्थ निघत होता. मॉरिसने हे लपवलं नाही, स्वतःच छापलं. टपाल खात्यातही ताडून पाहिलं होतं, सायकलवरून आणि पायी टपाल वाटणारे एकीकडे, टेलिफोन ऑपरेटर आणि कारकून दुसरीकडे. कल तोच. व्यायाम हे हृदयासाठी कारण आहे ही कल्पना वैद्यकात पक्की बसली ती तिथून.

डबलबेल

गणवेशाची मापं! आमच्या डेपोत ती वही काढली असती तर निम्म्या लोकांनी राजीनामे दिले असते. धन्यवाद. आता कंडक्टरही पुढच्या सीटवर मशीन घेऊन बसतो म्हणा.

वळचण

मी पुण्यात, वय ४१, वजन ५९ किलो, उंची ५ फूट ६. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकवीसच्या आसपास. नात्यात सगळे मला "काडी" म्हणतात. एवढी एक काळजी तरी मला नाही ना?

स्टेथोबा

तुमच्याच गावचं उत्तर आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळ. आपली चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठते आणि स्नायू कमी असतात. वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही.

याची सुरुवात जन्माआधी होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. एवढी लहान बाळं, पण कातडीखालची चरबी जवळजवळ शाबूत, कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. त्याआधी १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरच्या जुन्या नोंदवह्यांवरून दाखवलं होतं की जन्मवजन आणि पहिल्या वर्षातली वाढ कमी असलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त मेले.

तेव्हा "काडी", टेप आणा. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. आपल्यासाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. पँटचं माप सांगू नका, ती पोटाखाली बांधलेली असते.

वळचण

९३. बायको हसतेय.

अजून एक विचारतो. शाकाहारी आहे, बी१२ कमी आलं होतं, आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) २८. लॅबच्या कागदावर खाली छापलं होतं की हे हृदयविकाराचं लक्षण आहे. तेव्हापासून झोप नाही.

स्टेथोबा

शांतपणे झोपा. १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी होमोसिस्टीन आणि खराब रक्तवाहिन्या यांचा संबंध मांडला. ज्यांचं ते जास्त त्यांना विकार जास्त, असं पुढे बऱ्याच अभ्यासांत दिसलंही. मग फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२ देऊन ते खाली आणण्याचे मोठे प्रयोग झाले. त्यातले दोन २००६ मध्ये एकदमच आले. होमोसिस्टीन खाली आलं, अटॅक काही कमी झाले नाहीत. सोबत दिसणारी प्रत्येक गोष्ट कारण नसते, याचं हे चांगलं उदाहरण.

बी१२ जरूर घ्या, नसांसाठी आणि रक्तासाठी. ती हृदयाची विमा पॉलिसी समजू नका. आणि ९३ हा आकडा २८ पेक्षा जास्त काळजीचा आहे.

टेम्सकाठ

लंडनहून. इथे जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, "क्यूरिस्क" म्हणून गणित करतात, पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येण्याची शक्यता किती. त्यात वय, बीपी, सिगारेट वगैरे असतंच, पण तुमचा वंश भारतीय आहे का हेही विचारतात आणि पोस्टकोडही, म्हणजे वस्ती किती गरीब आहे ते. माझ्या इंग्रज सहकाऱ्याचे आणि माझे बाकी सगळे आकडे सारखे धरले तरी माझा धोका जास्त येतो. अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांतही दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवलाय.

माझा प्रश्न रक्तातल्या लायपोप्रोटीन ए च्या तपासणीबद्दल. माझ्या भावाला ४३ व्या वर्षी अटॅक, ना साखर, ना तंबाखू, रोज पळणारा माणूस. त्याचं हे ९६ निघालं.

काचपट्टी

ही तपासणी नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही, वेगळी सांगावी लागते. आमच्याकडे नमुना बाहेरगावी पाठवतो. कागदावर एकक नीट बघा. काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. मिलिग्रॅममध्ये ५० च्या वर म्हणजे जास्त, नॅनोमोलमध्ये तो आकडा साधारण १२५ धरतात. दोन भावांचे रिपोर्ट वेगवेगळ्या एककांत असले तर तुलना करत बसू नका.

स्टेथोबा

टेम्सकाठ, ९६ कुठल्या एककात आहे ते बघा. मिलिग्रॅम असेल तर भावाच्या अटॅकचं ते मोठं कारण असू शकतं. कोरे बर्ग या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हा कण शोधला. एलडीएलसारखाच असतो, त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं. पातळी जवळजवळ पूर्ण आनुवंशिक, लहानपणीच ठरते आणि जन्मभर तशीच राहते. पाचातल्या एकाला जास्त असते. पथ्याने, पळण्याने, स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने) खाली येत नाही. ती खाली आणणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, होत आहेत.

मग मोजून काय उपयोग, असं लोक विचारतात. उपयोग हा की बाकीचं सगळं जास्त कडक ठेवता येतं. आणि तुम्ही सख्खे भाऊ आहात, तेव्हा तुमचीही एकदा करा. आयुष्यात एकदाच पुरते.

आर्द्रा

पुरुषांच्याच गोष्टी चालल्यात. बायकांचं काय? मला दुसऱ्या बाळंतपणात सातव्या महिन्यात बीपी खूप वाढलं, लघवीत प्रोटीन, लवकर सिझेरियन. नंतर बीपी नॉर्मल झालं म्हणून सगळे विसरले, मीसुद्धा.

स्टेथोबा

विसरू नका. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. ज्यांना हे होऊन गेलंय त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातल्या मधुमेहाचंही तसंच, साखर बाळंतपणानंतर खाली येते आणि काही वर्षांनी परत उगवते. पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल तर तेही. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या बाईला बाळंतपणाबद्दल विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं.

दर वर्षी बीपी, साखर. आणि नवीन डॉक्टरला ही गोष्ट आपणहून सांगायची, तो विचारेल याची वाट बघायची नाही.

काचपट्टी

आणखी एक. बायका "अ‍ॅसिडिटी" म्हणून किती वेळ काढतात! पाठीत, जबड्यात दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय, तरी आधी सगळ्यांची जेवणं उरकायची, मग सोडा घालून लिंबूपाणी, मग ओवा. आमच्या शेजारच्या काकूंना रात्री अकराला सुरू झालं, दवाखान्यात नेलं सकाळी आठला.

आर्द्रा

+१. आणि संधिवाताचं? माझ्या आईला बोटं वाकडी होणारा संधिवात आहे.

स्टेथोबा

त्याचाही संबंध आहे, सूज हा दुवा. संधिवात, ल्युपस, अंगभर सोरायसिस, या सगळ्यांत अटॅकचा धोका वाढतो. किडनीचा जुनाट आजारही याच रांगेत, आणि तिथे तर धोका फारच वाढतो.

सूज स्वतःच कारण आहे की नुसती साक्षीदार, हा वाद पुष्कळ चालला. २०१७ मध्ये कँटॉस नावाच्या प्रयोगात अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांना फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं. एलडीएल जागचं हललं नाही, तरी पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले. इंजेक्शन महाग, त्यात जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, म्हणून ते वापरात आलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला. नंतर कोल्चिसिन हे गाउटचं जुनं, स्वस्त औषध अर्धा मिलिग्रॅम देऊन पाहिलं, त्यानेही फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला यासाठी मान्यता मिळाली. कृपा करून कुणी मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करू नका. किडनी कमजोर असेल तर हेच औषध विष ठरतं.

निशाचर

टेन्शनवर कुणीच बोललं नाही. आयटीत आहे, रात्रपाळी, क्लायंट अमेरिकेत. आमच्या मॅनेजरला सगळ्यांत आधी अटॅक येणार अशी आम्हाला खात्री आहे.

पुणेरी_खडू

खात्री मागे घ्या. इंग्लंडमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ ला सुरू झाला. सगळे कचेरीत बसणारे, कुणी उपाशी नाही. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण साहेबांत सगळ्यांत कमी आणि शिपाई-हमालांत सगळ्यांत जास्त, तीन पटींच्या पुढे. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी बराचसा फरक उरलाच. मायकेल मार्मट यांनी पुढे त्यावरच आयुष्य घातलं. काम खूप असणं एवढं बाधत नाही, जेवढं काम खूप आणि हातात काहीच नाही हे बाधतं. म्हणजे निशाचर, मॅनेजर ठीक आहे. तुम्ही स्वतःकडे बघा.

निशाचर

हे वाचून जास्तच टेन्शन आलं.

स्टेथोबा

झोपेकडेही बघा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. स्लीप अ‍ॅप्निया असेल तर बीपी गोळ्यांना दाद देत नाही.

थोडं अवांतर. कारण आणि निमित्त यांत फरक करायला हवा. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक भागात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या केसेस अडीच पटींहून जास्त झाल्या. फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचा धोका सहा पट होतो, असं २०१८ मध्ये कॅनडातल्या नोंदींवरून दिसलं. पण सामना बघून किंवा फ्लूने निरोगी रक्तवाहिनी सहसा फुटत नाही, थर आधीच तयार असतो. लग्नात नाचताना, जिममध्ये कोसळलेल्यांचे व्हिडिओ फिरतात, तिथेही लोक नाचाला दोष देऊन मोकळे होतात. फ्लूची लस मात्र हृदयरोग्यांनी घ्यावी, ती स्वस्तातली सोय आहे.

भरीत_भाकरी

माझ्या वहिनीला ३८ व्या वर्षी अटॅक आला आणि अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही म्हणाले. हे कशात बसतं?

स्टेथोबा

ती वेगळी मंडळी. कधी रक्तवाहिनीला झटका येऊन ती आवळते, प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये याचं वर्णन केलं. कधी भिंतीचे थर आपोआप सुटे होतात, हे तरुण बायकांत, विशेषतः बाळंतपणानंतर दिसतं. यांत चरबीचा संबंध जवळपास नसतो आणि उपचारही वेगळे, म्हणून "ब्लॉकेज नाही म्हणजे काही नाही" असं समजून पाठपुरावा सोडू नका. कागद घेऊन कार्डिओलॉजिस्टला नेमकं काय झालं होतं ते विचारा.

कोळसाखाण

चंद्रपूरकरांच्या वतीने हवा. तासाभराने गाडीची काच पुसली की फडकं काळं. पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, वार्षिक प्रमाण जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ च्या आत हवं, आपला सरकारी निकष ४०. ते बारीक कण फुप्फुसातून रक्तात जातात, हृदयालाही त्रास देतात हे आता सगळे मान्य करतात. यावर कुठली गोळी आहे डॉक्टर?

स्टेथोबा

नाही. चुलीच्या धुराचंही तेच.

चहाबाज

एवढं सगळं वाचलं. आता सरळ सांगा, माझ्यासारख्याने काय काय तपासायचं? पाच हजारांचं फुल बॉडी पॅकेज घेऊ का?

काचपट्टी

लॅबवालीच सांगते, घेऊ नका. त्यात चाळीस आकडे असतात, निम्मे तुमच्या उपयोगाचे नसतात. आधी बीपी, ते फुकट मोजून मिळतं. मग उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी. कंबर. किडनीसाठी क्रिएटिनिन. लिपिड प्रोफाइल हवंच, पण या सगळ्यांच्या सोबत. आणि घरात विचारा, वडील-भावांपैकी कुणाला ५५ च्या आत, आई-बहिणींपैकी कुणाला ६५ च्या आत काही झालंय का. "अचानक गेले", "झोपेत गेले" हेही यात धरा. असेल तर लायपोप्रोटीन ए. कॅल्शियम स्कोअरचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम बघणारा) सीटी डॉक्टरांनी सांगितला तरच.

चहाबाज

सकाळी चहा पिऊन चालेल का?

काचपट्टी

उपाशीपोटी साखर करायची असेल तर नाही. नुसत्या लिपिडसाठी आता बऱ्याच देशांत उपाशी राहायलाही सांगत नाहीत. पाणी चालतं.

डबलबेल

हे सगळं वाचून आत्ता मुलाच्या मशीनवर बीपी मोजलं. १५८/९६. जिना चढून वर आलो आणि लगेच लावलं. उद्या दवाखान्यात जातो.

काचपट्टी

काका, जाच. पण त्याआधी सकाळी नीट मोजा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू काही नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नको. एक मिनिट सोडून दोनदा घ्या, संध्याकाळी परत दोनदा. सगळे आकडे वेळेसकट लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवा, आणि मोजताना बोलू नका. मुलाशीपण नाही.